चाकांवरच्या घराला दुसरी बॅटरी : गरज, जोडणी आणि निगा

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट हे अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यातील गाव संत्र्याच्या बागांसाठी आणि त्याहूनही अधिक संत्र्याच्या कलमांसाठी प्रसिद्ध आहे. आंबिया बहाराची फळे उतरू लागली की बागांतून माणसांची व वाहनांची वर्दळ वाढते. या परिसरात येणाऱ्या पाहुण्याला बागेतच दोन रात्री राहावयाचे असेल, तर आता एक नवे साधन उपलब्ध झाले आहे. जीपच्या मागे जोडून नेता येणारा, आत झोपण्याची, स्वयंपाकाची व पाण्याची सोय असलेला निवासी ट्रेलर, म्हणजेच कॅरॅव्हॅन, हे ते साधन होय. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले, आणि अशा गाड्यांना व त्यांच्या थांब्यांना राज्याच्या पर्यटनात स्थान मिळाले.

ट्रॅक्टरमागची ट्रॉली वऱ्हाडाला नवी नाही. परंतु ट्रॉलीला दिवा लागत नाही, पंखा लागत नाही. निवासी ट्रेलरला ते लागतात. जेथे विजेचा खांब जवळ नाही, तेथे ही सारी भिस्त एका बॅटरीवर असते आणि ती बॅटरी बहुधा पहिल्याच रात्री अपुरी पडते. अशा वेळी दुसरी बॅटरी जोडण्याचा विचार मनात येतो. तो विचार योग्यच आहे. मात्र हिशेब न करता आणि नियम न पाळता जोडलेली दुसरी बॅटरी पहिलीलाही घेऊन बुडते. या लेखात या कामाचा हिशेब, जोडणी आणि निगा यांचे विवेचन केले आहे. आरोग्य, पशुवैद्यक किंवा माती परीक्षण यांसाठी गावोगाव फिरणाऱ्या पथकांच्या गाड्यांनाही यातील बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतात.

बियाणे वेगळे, खाण्याचे धान्य वेगळे

शेतकरी बियाण्याचे धान्य खाण्याच्या धान्यात मिसळत नाही. घरात कितीही ओढाताण असली, तरी बियाण्याच्या कणगीला हात लावावयाचा नाही, हा दंडक त्याला कोणी शिकवावा लागत नाही. ट्रेलर ओढणाऱ्या जीपची बॅटरी हे बियाणे आहे. ट्रेलरमधील बॅटरी हे खाण्याचे धान्य आहे. या दोहोंत गफलत झाली, म्हणजे रात्रभर पंखा चालतो खरा, पण सकाळी जीपचा सेल्फ फिरत नाही. बाग वस्तीपासून दूर असेल आणि त्याच रात्री एखाद्या मुलाला दवाखान्यात न्यावयाचे असेल, तर या चुकीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही.

या दोन बॅटऱ्या दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचे काम भिन्न आहे. इंजिन चालू करण्याच्या बॅटरीत पातळ पण पुष्कळ पट्ट्या असतात. काही क्षणांपुरता शेकडो अँपियरचा प्रवाह देणे आणि इंजिन चालू होताच तो लगेच भरून घेणे, हा तिचा धर्म. तिला रात्रभर थोडाथोडा प्रवाह द्यावयास लावून वारंवार रिकामी केली, तर तिच्या पट्ट्या लवकर झडतात. याउलट घरच्या इन्व्हर्टरला जोडतात त्या ट्यूब्युलर बॅटरीच्या किंवा सखोल वापरासाठी बनविलेल्या डीप सायकल बॅटरीच्या पट्ट्या जाड असतात. ती तासन्‌तास प्रवाह देऊ शकते. भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रातील असंख्य घरांनी हा फरक अनुभवाने जाणला आहे. ट्रेलरमध्ये याच दुसऱ्या जातीची बॅटरी असावी.

शिसे व गंधकाम्ल यांवर चालणारी आणि पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समधील गॅस्टन प्लँते याने १८५९ मध्ये तयार केली. कामिल फोर याने १८८१ मध्ये तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची पद्धत काढली आणि तिचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणे शक्य झाले. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी मूळ तत्त्व तेच आहे. म्हणूनच तिचे गुणदोषही पूर्ण माहीत झालेले आहेत.

आधी हिशेब

दुसरी बॅटरी हवी की नको, हे ठरविण्यापूर्वी एका रात्रीचा खर्च मांडावा. बॅटरीची क्षमता अँपियर-तासांत सांगतात. ६० अँपियर-तासांची बॅटरी म्हणजे तत्त्वतः ३ अँपियर प्रवाह २० तास देणारी बॅटरी. उपकरणांवर मात्र वॅट लिहिलेले असतात. वॅटला तासांनी गुणले की वॅट-तास मिळतात आणि त्यांना १२ व्होल्टने भागले की अँपियर-तास मिळतात.

उदाहरणादाखल चार माणसांच्या कुटुंबाचा एक रात्रीचा खर्च पुढीलप्रमाणे धरता येईल :

५ वॅटचे ४ एलईडी दिवे, ५ तास : १०० वॅट-तास
१५ वॅटचे १२ व्होल्टवर चालणारे २ पंखे, ८ तास : २४० वॅट-तास
मोबाइल चार्जिंग : ४० वॅट-तास
४० वॅटचा पाण्याचा पंप, एकूण अर्धा तास : २० वॅट-तास
एकूण : ४०० वॅट-तास

४०० ला १२ ने भागले असता सुमारे ३३ अँपियर-तास येतात. तारांतील व जोडांतील घट धरून ही गरज सुमारे ३८ अँपियर-तास मानावी.

येथे एक महत्त्वाचा नियम ध्यानात घ्यावा लागतो. शिसे-आम्ल बॅटरीतील निम्म्याहून अधिक साठा नेहमी वापरू नये. वापरल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे ६० अँपियर-तासांच्या एका बॅटरीतून निर्धास्तपणे घ्यावयाचे ते केवळ ३०. गरज आहे ३८ ची. येथेच दुसऱ्या बॅटरीची आवश्यकता सिद्ध होते. तशीच दुसरी ६० ची बॅटरी जोडली, की एकूण साठा १२० आणि वापरावयाचा भाग ६० होतो. एका रात्रीचा खर्च त्यात सहज बसतो. शिवाय प्रत्येक बॅटरीवरील भार निम्मा होतो आणि सावकाश वापरलेली बॅटरी एकूण अधिक वीज देते, हा आणखी एक लाभ.

परंतु याच हिशेबाने दुसऱ्या रात्रीचेही उत्तर मिळते. मध्ये काहीच भरणा झाला नाही, तर दोन रात्रींचा खर्च ७६ होतो आणि ६० ची मर्यादा ओलांडली जाते. त्यात १२ व्होल्टचा लहान फ्रीज ठेवला, तर परिस्थिती आणखी पालटते. ४५ वॅटचा फ्रीज दिवसाचा निम्मा वेळ चालला, तरी २४ तासांत ५४० वॅट-तास, म्हणजे ४५ अँपियर-तास लागतात. सर्व दिवे, पंखे व पंप यांच्या खर्चाहून एकट्या फ्रीजचा खर्च जास्त! म्हणून बॅटरी विकत घेण्याआधी वही घ्यावी, हे उत्तम.

दोन बैलांची जोडी

दोन बॅटऱ्या दोन प्रकारे जोडता येतात. एकीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकाला जोडले, म्हणजे एकसर जोडणी होते; व्होल्ट दुप्पट होऊन २४ होतात आणि साठ्याचे अँपियर-तास तेवढेच राहतात. १२ व्होल्टच्या दिव्यांना व पंखांना ती जोडणी दिली, तर ते क्षणात जळतील. धन टोकास धन आणि ऋण टोकास ऋण जोडले, म्हणजे समांतर जोडणी होते. व्होल्ट १२ च राहतात आणि अँपियर-तासांची बेरीज होते. ट्रेलरमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांसाठी समांतर जोडणीच हवी.

समांतर जोडावयाच्या दोन्ही बॅटऱ्या एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि शक्यतो एकाच वयाच्या असाव्यात. एक तरणा व एक थकलेला बैल एकाच जुवाला जुंपला, तर तास सरळ जात नाही आणि तरण्या बैलाचाही दम निघतो. तीन वर्षांच्या जुन्या बॅटरीला नवी जोडली, की जुनी स्वतः भरत नाही आणि नवीतील साठा ओढून घेते. अशा वेळी दोन्ही बदलाव्यात. ते शक्य नसेल, तर त्या एकत्र न जोडता अदलाबदलीच्या स्विचवर एका वेळी एकच वापरावी. लिथियमची बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी असते आणि तिच्यातील ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक साठा वापरता येतो. परंतु तिच्या भरण्याची रीत निराळी असल्यामुळे ती शिसे-आम्ल बॅटरीशी समांतर कधीही जोडू नये.

जोडण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्या स्वतंत्रपणे पूर्ण भराव्यात आणि काही तास तशाच ठेवून त्यांचे व्होल्ट मोजावेत. फरक एकदशांश व्होल्टच्या आत असेल, तरच त्या एकमेकींना जोडाव्यात. पूर्ण भरलेली व रिकामी बॅटरी जोडली, तर पहिलीतून दुसरीत एकदम मोठा प्रवाह धावतो व तारा तापतात.

यानंतरची एक बारीक गोष्ट अनेक कारागिरांच्याही नजरेतून सुटते. ट्रेलरकडे जाणाऱ्या दोन्ही तारा एकाच बॅटरीवरून घेऊ नयेत. धन तार पहिल्या बॅटरीवरून घेतली, तर ऋण तार दुसऱ्या बॅटरीवरून घ्यावी. असे केल्याने दोहोंच्या वाटेतील रोध सारखा राहतो आणि त्या सारख्याच रिकाम्या होतात व सारख्याच भरतात. दोन्ही तारा एकीवरूनच घेतल्यास तीच अधिक राबते आणि लवकर मरते.

प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ, शक्य तितक्या जवळ, फ्यूज असावा. फ्यूज हा उपकरणाच्या रक्षणासाठी नसून तारेच्या रक्षणासाठी असतो, हे विसरू नये. तार जेवढा प्रवाह न तापता वाहू शकते, त्याहून मोठा फ्यूज लावणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे होय.

जीपकडून भरणा

दुसरी बॅटरी वीज निर्माण करीत नाही. ती केवळ साठवते. भरणाच नसेल, तर एका रिकाम्या कणगीशेजारी दुसरी रिकामी कणगी ठेवण्यासारखे ते होईल. म्हणून भरण्याची व्यवस्था हा या कामाचा गाभा आहे.

जीप चालू असताना तिचा अल्टरनेटर सुमारे १४.२ व्होल्ट देतो. हा प्रवाह ट्रेलरकडे नेताना पुष्कळदा दिव्यांच्या बारीक तारांवरच काम भागविले जाते. त्याचा परिणाम हिशेबाने पाहण्यासारखा आहे. जीपच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत ७ मीटर अंतर धरले, तर जाण्यायेण्याची तार १४ मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा तेवढ्या लांबीतील रोध सुमारे ०.१ ओहम असतो. १५ अँपियर प्रवाहाला त्यात सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो. म्हणजे ट्रेलरच्या बॅटरीला मिळतात १२.७ व्होल्ट. एवढ्यावर ती कधीच पूर्ण भरणार नाही. तीच तार १६ चौरस मिलिमीटरची घेतली, तर घट पाव व्होल्टच्या आत येते. तारेवर वाचविलेले पैसे बॅटरीवर दामदुप्पट खर्च होतात, ते असे. माध्यमिक शाळेतील शिक्षकांना ओहमचा नियम शिकविण्यासाठी हे एक चांगले उदाहरण आहे.

जीप थांबताच तिची बॅटरी ट्रेलरपासून आपोआप विलग झाली पाहिजे. त्यासाठी किल्लीवर चालणारा रिले हा सर्वांत साधा उपाय. व्होल्ट ओळखणारा रिले इंजिन चालू होऊन व्होल्ट वाढले की जोडणी करतो आणि ते उतरले की तोडतो. त्यात माणसाच्या विसराळूपणाला वाव राहत नाही. साधा डायोडही चालतो, परंतु त्यात सुमारे ०.७ व्होल्टची घट होते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या अनेक गाड्यांत इंधनबचतीसाठी अल्टरनेटरचे व्होल्ट कमीजास्त होतात. अशा गाडीमागच्या ट्रेलरला डीसी ते डीसी चार्जर बसविणे श्रेयस्कर होय. जीपकडील टोकालाही फ्यूज हवाच, कारण तार मध्येच घासली गेली तर दोन्हीकडून प्रवाह येतो.

केवळ प्रवासावर मात्र विसंबता येत नाही. शेंदूरजनाघाटहून वरूड-मोर्शीमार्गे अमरावतीपर्यंतच्या अडीच तासांच्या प्रवासात सरासरी १० अँपियरने २५ अँपियर-तास भरले जातील. काढलेले ३८ परत भरावयास, बॅटरीतील घट धरून, सुमारे ४४ लागतात. उरलेला वाटा सूर्याकडून घ्यावा. १०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हाच्या दिवशी, सर्व घट वजा जाता, सुमारे ३५० वॅट-तास, म्हणजे भरण्याच्या १४ व्होल्टवर २५ अँपियर-तास देऊ शकते. प्रवास आणि पॅनेल मिळून ५० होतात आणि जमाखर्च जुळतो. मात्र बागेत ट्रेलर सावलीत उभा करण्याचा मोह होतो, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावलीही उत्पादन बरेच घटवते. यासाठी ट्रेलर सावलीत ठेवून लांब तारेचे सुटे पॅनेल उन्हात मांडावे. पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर अवश्य असावा.

जागा, वजन आणि हवा

६० अँपियर-तासांच्या एका बॅटरीचे वजन पंधरा किलोच्या पुढे असते. दुसरी बॅटरी म्हणजे तेवढा नवा भार. तो ट्रेलरच्या मागील टोकाला ठेवल्यास पुढचा हूक हलका होतो आणि वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. घाटरस्त्यावर हे जिवावर बेतणारे असते. म्हणून बॅटऱ्या आसावर किंवा आसाच्या किंचित पुढे, दोन्ही बाजूंचा तोल राखून, पट्ट्यांनी घट्ट आवळून ठेवाव्यात. नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेले एकूण वजन ओलांडले जाणार नाही, हेही पाहावे.

भरताना शिसे-आम्ल बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले, की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. झोपण्याच्या बाकाखाली उघडी बॅटरी ठेवणे म्हणूनच सर्वथा गैर आहे. तिच्यासाठी बंदिस्त पेटी आणि तिला वरच्या बाजूने बाहेर हवा सोडणारी नळी असावी, कारण हायड्रोजन हवेहून हलका असतो. स्वयंपाकाचा गॅस आणि बॅटरी यांची पेटी एकच नसावी.

काम करताना अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात. सोडवताना ऋण टोक आधी आणि जोडताना ऋण टोक शेवटी, हा क्रम कधीही मोडू नये. आम्ल अंगावर उडाल्यास भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास धुणे चालू ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

वऱ्हाडचे ऊन आणि बॅटरीचे आयुष्य

मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. बंद ट्रेलरच्या आत तर उष्णता त्याहून कितीतरी अधिक असते. बॅटरीचे तापमान दर १० अंशांनी वाढले, की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. त्यामुळे उन्हाळ्यात पेटीला सावली व वारा मिळेल अशी तजवीज करावी आणि तापमानानुसार भरण्याचे व्होल्ट उतरविणारा चार्जर निवडावा. २५ अंशांना जेवढे व्होल्ट योग्य, त्याहून ४० अंशांना सुमारे पाव ते एकतृतीयांश व्होल्ट कमी पुरेसे असतात.

पाणी भरावयाच्या बॅटरीची पातळी उन्हाळ्यात दर पंधरवड्यास पाहावी. कमी झालेले पाणी डिस्टिल्ड वॉटरनेच भरावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये आणि आम्ल तर मुळीच घालू नये. टोकांवर जमणारी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन वर व्हॅसलीन लावावे. वापर बंद करून काही तास झाल्यावर मोजलेले व्होल्ट पुरेसे बोलके असतात : १२.७ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे धोक्याची खूण. ही तीन संख्या लिहिलेली चिठ्ठी व्होल्टमीटरशेजारी चिकटवून ठेवावी. हंगाम संपल्यावर ट्रेलर उभा राहणार असेल, तर बॅटऱ्या पूर्ण भरून, तारा सोडवून ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा पुन्हा भराव्यात. रिकामी पडून राहिलेली बॅटरी वापरलेल्या बॅटरीहून लवकर निकामी होते.

गावाची जबाबदारी

बॅटरीचे आयुष्य संपले, तरी तिचा प्रश्न संपत नाही. तिच्यातील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे. जुनी बॅटरी फोडून शिसे वितळविणे आणि आम्ल नालीत ओतणे, म्हणजे गावाच्या मातीत व पाण्यात विष कालविणे होय. केंद्र शासनाचे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांनुसार वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात न मिसळता संकलन किंवा पुनर्प्रक्रियेच्या अधिकृत साखळीतच द्यावयाची असते. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याला परत करणे, हा त्याचा सोपा मार्ग. नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांनी आपल्या हद्दीत बॅटऱ्या फोडल्या जाणार नाहीत, याकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे.

निवासी ट्रेलर थांबावेत असे ज्या गावांना वाटते, त्यांनी थांब्याच्या जागी एक काम अवश्य करावे. मीटर, योग्य अर्थिंग आणि गळती ओळखून प्रवाह तोडणारा स्विच यांसह विजेची एक जोडणी तेथे उपलब्ध ठेवावी. रात्री चार्जर लावता आला, की अनेक पाहुण्यांना दुसऱ्या बॅटरीची गरजच उरणार नाही.

ज्यांना ती लागेल, त्यांनी क्रम मात्र चुकवू नये : आधी खर्चाचा हिशेब, मग भरण्याची व्यवस्था आणि त्यानंतर खरेदी. हा क्रम पाळला, तर बागेतील रात्र सुखाची जाईल, आणि सकाळी जीपची किल्ली फिरवताच इंजिन चालू होईल.